नोंदवहीतली दोन झाडं

तालुक्याहून नोंदवही आली, कडक पुठ्ठ्याची,
मागोमाग फोन : तीस तारखेपर्यंत भरून द्या.
पंचायतीत लिहिणारी मी एकटीच,
म्हणून ओझरमळ्याची झाडं माझ्या वाट्याला आली.

छापील यादीत दोन नावांपुढे लाल खूण.
कान्हळ : संकटग्रस्त.
रातांबा : असुरक्षित.
दुसरी ओळ मी पुन्हा वाचली.
रातांबा?
त्या दिवशीही तो माझ्या डब्यातल्या आमटीत होता.

कान्हळ मोजणं सोपं निघालं.
तो एकाच जागी राहतो, देवाच्या रायीत,
जिथं व्हाळ थबकतो, चिखल होतो
आणि मुळं चिखलातून गुडघे वर काढून
श्वास घेत बसलेली असतात.
आपा गवसांनी चपला बाहेर काढायला लावल्या.
सलवार पोटरीपर्यंत भिजली.
मोठी तेवीस. रोपं एकशे चार.
एक फळ उकललेलं, आत लाल जाळीत गुंडाळलेली बी.
"गरुड येता आनि गिळता," आपा म्हणाले
(धनेशाला ते गरुड म्हणतात),
"आमी हात लावणव नाय."

'उपयोग' या रकान्यावर पेन अडलं.
लाकूड? तोडत नाहीत.
फळ? गरुडाचं.
औषध? कुणाला ठाऊक नाही.
रकाना कोरा ठेवला.

रातांब्याला तोच रकाना पुरेना.
आगळ, आमसूल, सोलकढी,
शिरोड्याचं मीठ लावून उन्हात पसरलेल्या साली,
बियांचं मुटियाल, भेगाळल्या टाचांसाठी.
समासात लिहिलं, मग कागद फिरवून उभं लिहिलं.
पण 'संख्या'?
ज्याला विचारावं तो हात पसरतो :
"भिरंडां खूप आसत गो, मोजतंस कित्याक?"

मोजलं. आठ दिवस, वाडीवाडीतून.
गडग्याच्या कडेला, गोठ्यामागं,
रबराच्या सरळ रांगा सुरू होतात त्याच्या अलीकडे.
तेव्हा बुंधे दिसायला लागले,
काही ताजे, काही काळे पडलेले.
रुक्मा धुरीण म्हणाली,
"तो नर होतो. धरणा नाय. जागो अडवता."

रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी.
सात-आठ वर्षं पोसावं,
मग फुलं सांगतात कोण ते.
नुसती फुलं गळून गेली की कोयता येतो.
"यंदा फळ कमीच," रुक्मानंच सांगितलं,
त्याच बुंध्यावर बसून, पायातला काटा काढत.
"हवामान."
मी 'हवामान' लिहिलं नाही.
लिहिलं : मादी एकशे सत्त्याऐंशी, नर अकरा.

अकरावा आमच्याच परसात निघाला.
सासूबाईंनी त्याला कपड्यांची दोरी बांधली होती,
तेवढ्यावर तो वाचला.

खाली शेरा लिहायला चार ओळी होत्या.
मनात जुळवून ठेवलं होतं :
एकाला भीतीनं राखलं, दुसऱ्याला चवीनं.
पण शेवटच्या दिवशी पुन्हा रायीत गेले
तर वरच्या अंगाला चर मारलेला,
नवा, दोरी लावून, सुपारीच्या बागेकडे वळवलेला.
"राय देवाची," बागवाला म्हणाला, "पाणी माझ्या हद्दीतलं."
तो खोटं बोलत नव्हता. सातबारा दाखवला त्यानं.
खालच्या चिखलावर साय धरली होती,
कडेची रोपं अजून हिरवी होती.
आपा काही बोलले नाहीत.
चपला मात्र त्यांनी आजही बाहेरच काढल्या.

घरी येऊन तो कोरा रकाना भरला.
कान्हळ, उपयोग : पाणी.

वही परत आली आहे. हिरव्या शाईत विचारलंय :
पिण्याचे की शेतीचे? स्पष्ट करावे.
आणि रातांब्याच्या पानावर, अकराव्या नराच्या ओळीत,
'कपडे वाळत घालणे' याखाली
कुणीतरी दोन रेघा मारल्यात.
खोडल्या म्हणाव्यात की अधोरेखित केल्या,
कळत नाही.